वाकडं शेपूट कामाचं!

आज एक उद्योग करायचा. तीन छोट्या वाट्या घ्या. एकीत खोबरेल तेल ओता, दुसरीत शेंगदाण्याचं आणि तिसरीत करडईचं. प्रत्येकी दोन चमचे, जास्त नको. (आधी घरात विचारा. तेलाचा भाव तुम्हाला ठाऊक नसतो, स्वयंपाक करणाऱ्यांना असतो!) वाट्या रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा आणि सकाळी तिरक्या करून बघा. खोबरेल चमच्यानं खरवडावं लागेल. शेंगदाण्याचं तेल गढूळ आणि घट्टसर झालेलं असेल. करडईचं मात्र काही घडलंच नाही अशा थाटात वाहत राहील.

तिन्ही तेलंच आणि तिघांना थंडीही सारखीच. मग एक गोठलं, एक अर्धवट गोठलं आणि एकाला थंडी वाजलीच नाही, असं का?

याचं उत्तर शेपटांत आहे. तेल, तूप, लोणी, कुठलीही चरबी घ्या. तिच्या प्रत्येक रेणूत तीन लांब साखळ्या ग्लिसरॉल नावाच्या एका छोट्या रेणूला चिकटलेल्या असतात. त्या साखळ्यांना म्हणतात मेदाम्लं. मेदाम्लाला एक छोटं डोकं असतं आणि मागे कार्बनच्या अणूंचं लांबलचक शेपूट. पामिटिक आम्लात सगळे मिळून १६ कार्बन असतात आणि शेपूट सरळसोट. ओलेइक आम्लात १८ कार्बन असतात. पण बरोबर मध्यावर, नवव्या आणि दहाव्या कार्बनच्या मधे, एक दुहेरी बंध असतो आणि तिथे शेपूट वाकतं. सरळ शेपटाच्या मेदाम्लांना संपृक्त म्हणतात आणि दुहेरी बंधवाल्यांना असंपृक्त. करडईच्या तेलात तर दोन-दोन ठिकाणी वाकलेली शेपटं भरपूर असतात.

आता अंगण झाडायचा खराटा आठवा. माडाचे सरळ हीर एकाला एक चिकटून बसतात, म्हणून मूठ गच्च आवळता येते. तेच हीर मध्येच वाकलेले असते, तर? मूठ आवळली तरी मधे पोकळी राहिलीच असती. सरळ शेपटांचे रेणूही असेच दाटीवाटीनं बसतात, एकमेकांना धरून ठेवतात आणि चरबी घट्ट होते. वाकडी शेपटं दाटीनं बसूच शकत नाहीत, म्हणून तेल पातळ राहतं.

फरक तरी किती पडावा? १८ कार्बनचं, पण सरळ शेपटाचं स्टिअरिक आम्ल वितळतं सुमारे ६९ अंश सेल्सिअसला. तितक्याच कार्बनचं, फक्त एक बाक असलेलं ओलेइक आम्ल वितळतं १३ अंशांना. एका बाकानं ५६ अंश खाली! शुद्ध पामिटिक आम्ल ६३ अंशांना वितळतं, म्हणजे मे महिन्यात चंद्रपूरच्या भर उन्हातही ते घट्टच राहील.

(यातली काही मेदाम्लं पहिल्यांदा वेगळी काढून दाखवली ती मिशेल-यूजेन शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं. हे गृहस्थ १०२ वर्षं जगले. आयफेल टॉवरवर ज्या ७२ जणांची नावं कोरली आहेत, त्यांत त्यांचंही नाव आहे आणि टॉवर उभा राहिला तेव्हा ते जिवंत होते. चरबीचा अभ्यास मानवला म्हणायचा!)

इथवर गोष्ट वाटीतली होती. आता पोटात शिरू.

जठराच्या मागे स्वादुपिंड नावाचा एक लांबट अवयव असतो. त्याचा बहुतेक भाग पाचकरस बनवतो. १८६९ साली बर्लिनमध्ये पॉल लँगरहान्स नावाचा २१ वर्षांचा विद्यार्थी सशाचं स्वादुपिंड सूक्ष्मदर्शकाखाली बघत होता. त्याला मधूनमधून पेशींचे वेगळेच पुंजके दिसले, आजूबाजूच्या पेशींशी अजिबात न जुळणारे. त्यानं त्यांचं नीट वर्णन केलं आणि त्यांचं काम काय ते मला माहीत नाही, असं प्रामाणिकपणे लिहूनही टाकलं. पुढे त्या पुंजक्यांना ‘लँगरहान्सची बेटं’ असं नाव पडलं. गंमत बघा, क्षयरोग झाल्यावर लँगरहान्स हवापालटासाठी मदेरा नावाच्या खऱ्याखुऱ्या बेटावर जाऊन राहिला, तिथे रुग्ण तपासत आणि समुद्रातल्या कृमींचा अभ्यास करत. १८८८ मध्ये तो तिथेच वारला. त्याच्या पुढच्याच वर्षी फॉन मेरिंग आणि मिन्कोव्स्की या दोन संशोधकांनी कुत्र्याचं स्वादुपिंड काढून टाकलं, तर कुत्र्याला मधुमेह झाला. आपण पाहिलेल्या पुंजक्यांचा साखरेशी काही संबंध आहे, हे लँगरहान्सला कधी कळलंच नाही.

माणसाच्या स्वादुपिंडात अशी सुमारे दहा लाख बेटं असतात. एकेक बेट साधारण मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढं. सगळी एकत्र केली तरी स्वादुपिंडाच्या वजनाच्या शंभरात एक-दोन भाग भरतील. या बेटांवर बीटा पेशी राहतात आणि अख्ख्या शरीरात इन्शुलिन बनवण्याचं काम त्यांचंच. त्यांना पर्याय नाही. यकृताचा तुकडा कापला तर ते पुन्हा वाढतं, पण मोठ्या माणसाच्या बीटा पेशी गेल्या की त्यांची भरपाई फारशी होत नाही.

तुम्ही पोळी-भाजी किंवा वरणभात खाता, तेव्हा रक्तातलं ग्लुकोज वाढतं. ते बीटा पेशीत शिरतं, जळतं आणि त्यातून ऊर्जा तयार होते. ऊर्जा वाढली की पेशीच्या पटलातल्या पोटॅशियमच्या वाटा बंद होतात आणि कॅल्शियमच्या वाटा उघडतात. कॅल्शियम आत घुसलं, की इन्शुलिनच्या चिमुकल्या पिशव्या पटलाला चिकटून बाहेर रिकाम्या होतात. एका पेशीत अशा सुमारे दहा हजार पिशव्या तयार असतात. मग स्नायू आणि चरबीच्या पेशी इन्शुलिनच्या सांगण्यावरून ग्लुकोज आत घेतात, यकृत स्वतः ग्लुकोज सोडायचं थांबवतं आणि रक्तातली साखर जागेवर येते.

रिकाम्या झालेल्या पिशव्या भरायच्या तर नवं इन्शुलिन हवं. इन्शुलिन म्हणजे ५१ अमिनो आम्लांचं प्रथिन. आधी त्याची एक लांब साखळी तयार होते, ती ठरावीक तऱ्हेनं दुमडते, ठरावीक जागी जोडली जाते आणि मग छाटली जाते. दुमडण्याचं काम चालतं आंतर्द्रव्यजालिकेत. आठवीच्या पुस्तकात पेशीच्या आकृतीत ती काढताना तुमचा हात दुखला असेल, तीच. दुमडणं चुकलं, तर इन्शुलिन कुचकामी. आंतर्द्रव्यजालिकेचं नाव लक्षात ठेवा, ती पुन्हा भेटणार आहे.

रक्तात ग्लुकोजबरोबर मेदाम्लंही फिरत असतात. त्यांना पाण्याचं वावडं, त्यामुळे अल्ब्युमिन नावाचं प्रथिन त्यांना धरून धरून नेतं. अशी मोकळी मेदाम्लं बीटा पेशींपाशी पोचली, तर काय होतं?

अमेरिकेतल्या डॅलस शहरात रॉजर उंगर आणि त्यांचे सहकारी एका खास जातीच्या लठ्ठ उंदरांचा अभ्यास करत होते. या उंदरांना वाढत्या वयात हटकून मधुमेह होतो. १९९४ साली त्यांनी सांगितलं, की मधुमेह व्हायच्या आधीच या उंदरांच्या रक्तात मेदाम्लं वाढतात आणि स्वादुपिंडाच्या बेटांवर चरबी साचते. म्हणजे साचलेली चरबीच बीटा पेशींना मारते की काय? असा संशय आला, की शास्त्रज्ञ प्राण्याला बाजूला ठेवतात आणि पेशी बशीत घेतात.

स्वित्झर्लंडमध्ये झ्युरिकला कॅथ्रिन मेडलर, मार्क डोनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच केलं. आधी उंदराची बेटं घेतली, मग अवयवदान केलेल्या माणसांच्या स्वादुपिंडातली. २००१ आणि २००३ साली त्यांचे निष्कर्ष छापून आले. त्या प्रयोगातल्या तीन बश्या डोळ्यांपुढे आणा.

पहिल्या बशीतल्या पेशींना पामिटिक आम्ल दिलं. सरळ शेपूट, १६ कार्बन. काही दिवसांत पेशी मरू लागल्या. मरत होत्या त्याही स्वतःचं स्वतःच आवरून, आपलाच डीएनए कापून. पेशींना असं शिस्तीत मरता येतं.

दुसऱ्या बशीत पामिटोलेइक आम्ल. हेही १६ कार्बनचंच, पण शेपटाला एक बाक. पेशी ठणठणीत. एवढंच नाही, तर उंदराच्या बेटांवर नव्या पेशी तयार होण्याचा वेगही वाढला.

आता तिसरी बशी. तिच्यात दोन्ही आम्लं एकत्र टाकली. एकूण चरबी पहिल्या बशीपेक्षा जास्त! आणखी पेशी मरायला हव्या होत्या. पण पेशी वाचल्या. पामिटोलेइकऐवजी ओलेइक वापरलं तरी तेच. वाकडं शेपूट स्वतः त्रास देत नव्हतंच, उलट सरळ शेपटानं चालवलेली मोडतोडही थांबवत होतं.

मला विचाराल तर या सगळ्या विषयातली ही सगळ्यात भारी बशी. विष जास्त झालं तर मरण लवकर येतं, हे कुणालाही पटतं. पण चरबीत आणखी चरबी घातली आणि पेशी जगली, हे पटवून घ्यायला डोकं खाजवावं लागतं.

अमेरिकेत सेंट लुईस इथे जीन शॅफर यांच्या प्रयोगशाळेत याचा छडा लागला. त्यांच्या २००३ सालच्या प्रयोगात स्वादुपिंडाच्या नाही, तर हॅमस्टर नावाच्या गुबगुबीत प्राण्याच्या पेशी होत्या. प्रयोगशाळांत त्या सहज वाढतात. त्यांना ओलेइक आम्ल दिलं, की पेशींनी ते ग्लिसरॉलला जोडून चरबी बनवली आणि तिचे बारीक थेंब करून आत ठेवून दिले. थेंबात बंद झालेली चरबी कुणाच्या अध्यात ना मध्यात. पामिटिक आम्ल मात्र पेशींना थेंबात नीट घालताच येईना. पण सोबत ओलेइक असलं, की पामिटिकही त्याच्याबरोबर थेंबात जाई.

हे खरं की नुसता अंदाज? ते तपासायला त्यांनी मुद्दाम अशा पेशी घेतल्या, ज्यांना थेंब बनवणं जमतच नव्हतं. या पेशींना ओलेइक आम्ल दिलं आणि त्या ओलेइकनंही मरू लागल्या! म्हणजे वाकडं शेपूट जन्मतःच गुणी आहे अशातला भाग नाही. त्याला आवरून ठेवता येतं, एवढाच त्याचा गुण. पुढे बीटा पेशींतही हाच प्रकार दिसला.

मग थेंबात न गेलेलं पामिटिक आम्ल करतं तरी काय? ते भलत्याच ठिकाणी जाऊन बसतं. एक म्हणजे पेशीच्या आतल्या पटलांत. पटलंही मेदाम्लांच्या शेपटांचीच बनलेली असतात आणि ती लवचीक असावी लागतात. त्यांत सरळ शेपटं वाढली, की आपला खराटा आवळला जातो आणि पटल ताठर होतं. याचा सगळ्यात मोठा फटका आंतर्द्रव्यजालिकेला. तिच्यातलं कॅल्शियम बाहेर गळतं, इन्शुलिनचं दुमडणं बिघडतं, चुकीच्या दुमडलेल्या प्रथिनांचा ढीग साचतो. पेशी आधी सगळी निर्मिती मंदावून निस्तरायला बघते. नाहीच जमलं, तर ती आवरतं घेते, कायमचं. शिवाय पामिटिकपासून सिरॅमाइड नावाचा रेणू बनतो आणि पेशीला मरणाकडे ढकलण्यात त्याचाही हात असतो. बीटा पेशी इतकं प्रथिन दुमडते, की तिच्या आंतर्द्रव्यजालिकेला उसंत अशी नसतेच. म्हणून हा घाव तिला जास्त लागतो.

कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच, असं आपण म्हणतो. आपल्या पेशींची अडचण उलटी: शेपूट सरळ आहे, ते वाकवायचं कसं? तर तेही त्यांना येतं! पेशीत एक विकर असतं. ते सरळ शेपटाच्या नवव्या आणि दहाव्या कार्बनवरचे दोन हायड्रोजन काढून घेतं. झाला दुहेरी बंध, वाकलं शेपूट. पामिटिकचं पामिटोलेइक होतं, स्टिअरिकचं ओलेइक. ज्या बीटा पेशींत हे विकर जास्त असतं, त्या पामिटिक आम्लासमोर जास्त तग धरतात, हेही बश्यांत दिसलेलं आहे.

बाकी दुहेरी बंध आहे म्हणजे शेपूट वाकडं असेलच, असं समजू नका. वनस्पती तूप बनवताना तेलात हायड्रोजन घालतात. त्यात काही दुहेरी बंध टिकतात, पण उलट्या बाजूनं वळतात आणि शेपूट जवळजवळ सरळ होतं. हीच ट्रान्स फॅट. ओलेइकचा हा सरळ झालेला जुळा भाऊ १३ नाही, तर सुमारे ४५ अंशांना वितळतो. ट्रान्स फॅट हृदयाला घातक. भारतात १ जानेवारी २०२२ पासून खाद्यतेल आणि वनस्पती तुपात त्याचं प्रमाण दोन टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही.

आता पामिटिक आम्लाला खलनायक ठरवायला तुम्ही निघाला असाल, तर थांबा. त्याच डॅलसमध्ये डेनिस मॅकगॅरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ च्या सुमारास दुसराच प्रयोग केला. त्यांनी उंदरांना जवळजवळ एक दिवस उपाशी ठेवलं आणि एक औषध देऊन त्यांच्या रक्तातली मेदाम्लंही काढून टाकली. मग ग्लुकोज दिलं. बीटा पेशी ढिम्म. इन्शुलिन येईचना! मेदाम्लं परत दिली आणि इन्शुलिन वाहू लागलं. पुढे त्यांनी एकेक मेदाम्ल तपासलं, तर शेपूट जितकं लांब आणि जितकं सरळ, तितकं इन्शुलिन जास्त. म्हणजे बशीत पेशींना मारणारंच इथे त्यांना हुशारी आणत होतं.

एकाच गावातले दोन गट. एकाचं म्हणणं चरबीनं पेशी मरतात, दुसऱ्याचं म्हणणं चरबीवाचून पेशी चालत नाहीत. दोघंही बरोबर! फरक वेळेचा. उपाशीपोटी शरीर चरबीवर चालतं, तेव्हा रक्तात मेदाम्लं वाढतात. त्यामुळे बीटा पेशी सावध राहते आणि पुढच्या जेवणाला कमी पडत नाही. २००३ साली तर बीटा पेशीच्या पटलावर खास मेदाम्लं ओळखणारं एक प्रथिन सापडलं. म्हणजे मेदाम्लांची चाहूल घ्यायची सोय निसर्गानंच करून ठेवली आहे. तासा-दोन तासांची भेट असली, की पेशी खूश. दिवसेंदिवस मुक्काम पडला आणि त्यात ग्लुकोजही सतत वाढलेलं असलं, की मात्र पेशींचे हाल. कारण ग्लुकोज भरपूर असताना पेशी चरबी जाळत नाही, नुसती बाजूला ठेवत राहते.

मग तूप खायचं की नाही? घरी हा प्रश्न निघाला, तर एवढं सांगा: निव्वळ पामिटिक आम्ल कुणी खात नाही. तुपात ते साधारण पाव हिश्शाहून थोडं जास्त असतं आणि ओलेइकही जवळपास पाव हिस्सा असतं. पामतेलात दोघं जवळजवळ बरोबरीनं असतात. शेंगदाण्याच्या तेलात ओलेइकचं पारडं बरंच जड असतं. रक्तात तर हे दोघे कायम एकत्रच फिरतात. त्यामुळे पहिल्या बशीसारखी वेळ शरीरात सहसा येत नाही. आणि एक गंमत ऐकाल तर चकित व्हाल. साखर गरजेपेक्षा फार जास्त खाल्ली, की यकृत तिच्यापासून नवीन मेदाम्ल बनवतं. कोणतं? पामिटिक! तुपाचं बोटही न लावता.

आणखी एक, आणि हे गंभीर आहे. तुमच्या वर्गात कुणाला मधुमेह असेल आणि तो रोज इन्शुलिनचं इंजेक्शन घेत असेल, तर बहुधा तो पहिल्या प्रकारचा मधुमेह असतो. त्यात शरीराची रोगांशी लढणारी यंत्रणाच चुकून बीटा पेशींवर हल्ला करते. त्यात तेलाचा, तुपाचा किंवा चॉकलेटचा दोष नाही आणि त्या मुलाचा तर नाहीच. आपण ज्या मेदाम्लांबद्दल बोलतोय, त्यांचा संबंध दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाशी आहे.

बशीतल्या पेशींचं सोडा, खऱ्या माणसांवर असा प्रयोग झालाय का? स्वीडनमध्ये उप्साला इथल्या शास्त्रज्ञांनी ३९ तरुण, सडपातळ मंडळींना सात आठवडे रोज मफिन खायला घातले! खोटं नाही, २०१४ साली त्याचा अहवाल छापून आला. निम्म्यांच्या मफिनमध्ये पामतेल होतं, निम्म्यांच्या मफिनमध्ये सूर्यफुलाचं. बाकी सगळं सारखं. वजन दोन्ही गटांचं सारखंच, दीड किलोच्या आसपास वाढलं. पण पामतेलवाल्यांच्या यकृतात चरबी जास्त साचली आणि सूर्यफूलवाल्यांच्या अंगात स्नायूंची भर जास्त पडली.

यकृतातली चरबी मोजता आली, कारण यकृत चांगलं मोठं असतं आणि एमआरआय यंत्रात ते स्पष्ट दिसतं. बेटांचं तसं नाही. मिलिमीटरचा दहावा भाग, तोही जठरामागच्या अवयवात खोल विखुरलेला. मफिन खाणाऱ्याच्या किती बीटा पेशी कुरकुरल्या आणि किती खूश झाल्या, हे त्याला यंत्रात झोपवून मोजायची खात्रीची सोय अजून झालेली नाही. रक्तातलं इन्शुलिन मोजून अंदाज बांधायचा, नाहीतर पुन्हा तीन बश्या मांडायच्या.